मागील पानावरून

शटर अर्धं ओढून तसनीम म्हणाली,
"चपला आतच काढा, बाबूजी, बाहेर दिसल्या तर गिऱ्हाईक वाकून पाहते."
राळेगावची बाजारओळ, रविवार, बियाण्याच्या दुकानाला लागून
तिच्या सासऱ्याचं दुकान: बंदुका, काडतुसं,
आणि कोपऱ्यात, कुणी विचारलंच तर, सायकलचे पंप.

मी निवृत्त. शस्त्र परवाना शाखेत सव्वीस वर्षं
दुसऱ्यांच्या बंदुकांची वयं लिहिली.
आता तपासणीच्या आधी कुणी बोलावलं तर जातो.
बसचं भाडं घेतो, चहा घेत नाही.
चहाचं पुढे येईल.

आधी भिंती पाहिल्या.
परवान्याची चौकट सरळ, पण मुदत
कोळ्याच्या जाळ्यामागून वाचावी लागते.
पुसून घे, म्हटलं.
आग विझवायच्या लाल नळकांड्याची तारीख
मागच्या दिवाळीतच विझलेली.
कपाटाला कुलपं दोन, किल्ल्या एकाच दोरीत.
"मग दोन कायले लावली?"
ती गप्प. एक किल्ली रिदाच्या आतल्या खिशात गेली.

ठेवीतल्या बंदुका सात.
प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी,
शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारखी.
सहावी डोमाजी आत्रामची, पीक संरक्षण.
डोमाजी जाऊन चार वर्षं झाली.
त्याच्या तुरीत रानडुकरं अजून येतात,
वारस येत नाही.
तसनीम दर महिन्याला तिला तेल देते.
"पत्र पाठव, पोच जप, ठाण्यालाही कळव."
"पाठोलं जी. पोरगा पुण्याले हाय. म्हणते, इकून टाका.
कसं इकू? माही थोडीच हाय?"
कलम तिला माहीत नाही. कलम हेच सांगतं.

मग काडतुसं. बारा बोअर.
पंचवीसच्या पाच डब्या भरलेल्या, सहावीत सुटी दहा.
फरशीवर एकशे पस्तीस. वहीत एकशे त्रेचाळीस.
पुन्हा मोजली. पुन्हा पस्तीस.
कूलरचं पाणी संपलं, भरायला कुणी उठलं नाही.
आठ काडतुसं म्हणजे
कुठल्यातरी रानातली एक रात्र,
तिचा हिशेब हिच्याकडे मागणार.

वहीत आम्ही उलटं चालत गेलो,
विक्री, विक्री, आवक, विक्री,
पावतीला पावती लावत, परवान्याला परवाना,
तीन वर्षं मागे, एका मार्चपर्यंत.
पान संपतं तिथं फकरुद्दीनभाईंच्या थरथरत्या हातानं
२११. शेवटच्या एकाचं डोकं जरा मोठं.
पान उलटलं की मुनीमजींच्या ठसठशीत अक्षरात
मागील पानावरून, २१९.

"अब्बाचा एक, नऊ झाला," म्हणाली,
आणि तशीच खाली बसली.
"खोडू?"
खोडू नको. पांढरी शाई तर दुकानात ठेवूच नको.
एक लाल रेघ, खालचं वाचता येईल अशी.
शेजारी खरा आकडा, आजची तारीख, तुझी सही.
आणि अर्ज, आपणहून,
साहेबांची जीप दारात यायच्या आधी.

तेवढ्यात तिचं बोट पानाच्या तळाशी थांबलं.
तपासले. बरोबर आढळले.
साहेबांची सही, तिच्याखाली लहान, तिरकी
माझी.

त्या दिवशी ऊन फार होतं. चहात वेलची होती.
काडतुसं कपाटात होती आणि कपाट बंद होतं.
नंतर आलेल्या दोघांनी ही सही पाहिली
आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

तिनं लाल पेन माझ्याकडे सरकवलं नाही,
मागेही ओढलं नाही.

अर्जात एक ओळ माझी वाढली.
"मोजली नव्हती" एवढंच लिहायला
तीन कागद गेले.
ती मात्र सुटी काडतुसं डबीत परत घालत होती,
तोंडातल्या तोंडात मोजत,
आणि तिशीच्या पुढे कधी आपल्या घरच्या बोलीत शिरली
तिलाही कळलं नाही:
तेत्रीस, चोत्रीस,
पांत्रीस.