तीन बोटांची शेणी

बयाक्का नलवडे कचेरीत आल्या
तेव्हा माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.
बहात्तर साल. बाहेर दुष्काळी कामाच्या हजेरीची रांग,
आत माझ्या टेबलावर स्वातंत्र्यसैनिकांचे अर्ज
आणि एक गळकं फाउंटन पेन.

रकाना सहा : तुरुंगवासाचा कालावधी.
"किती महिने होता आत?"
त्या हसल्या. वरचे दोन दात नव्हते.
"आत गेली आस्ती तर, लेकरा,
काम चुकलं म्हनायचं की."

मग येरळेकाठची भिंत सांगितली त्यांनी.
गोठ्याची, पांढऱ्या मातीची, सडकेकडं तोंड केलेली.
रोज तिच्यावर शेणी थापायच्या.
पाच बोटं उठली तर वाट मोकळी,
तीन उठली तर चावडीत फौजदार,
आणि बोटं नसलेला नुसता तळवा असला
तर रानातनंच माघारी फिरायचं,
भाकरीलासुद्धा थांबायचं नाही.

पोलीस त्याच भिंतीच्या सावलीला बिड्या ओढायचे.
एकजण नाक धरून म्हणाला होता,
बाई, केवढा वास गं तुझ्या संसाराला.
शेजारच्या हुडव्यात, वाळल्या शेणींच्या खाली,
तेव्हा दोन बंदुका होत्या गोधडीत गुंडाळलेल्या.
"बाळंतिणीगत ऊब दिली त्यास्नी," म्हणाल्या.

सासऱ्याला पत्ता नव्हता.
नवरा लढाईवर, इंग्रजांच्याच, बसऱ्याला की कुठं.
त्याची मनीऑर्डर त्या घ्यायच्या
त्याच चावडीत, त्याच फौजदारासमोर, अंगठा देऊन.
याबद्दल मी काही विचारलं नाही.
तसा रकाना नव्हता.

रकाना नऊला त्या गप्प झाल्या.
माझ्या टाचण्यांची डबी उघडली, मिटली.
मग म्हणाल्या, चैतात वळीव झाला एकदा.
दिवस मावळायच्या आत तीन बोटं थापली होती.
रातीत भित धुऊन निघाली.
पहाटे गुणवंता आला, वरल्या मळ्यातला, सोळा वर्षांचा,
आणि कोऱ्या भितीकडं बघत उभा ऱ्हायला.
कोरी दिसली तर काय करायचं
त्ये आमी ठरवलंच न्हवतं.

बराच वेळ पंखा फिरत राहिला.

"पेन्शनीचं ऱ्हाऊ द्या.
त्येचं नाव लिवा कुठंतरी. गुणवंता म्हादू.
मारल्याव धा दिस जगला."

मी समासात लिहिलं. 'म्हादू'वर शाईचा डाग पडला.
अंगठा घेतला तेव्हा त्यांनी हात पुढं केला तो सगळा,
आणि विचारलं, "येकच बोट?"

तीन महिन्यांनी शेरा आला :
पुराव्याअभावी नामंजूर.
टपालानं धाडता आलं असतं.
विहिरींची पाहणी होती त्या बाजूला, जीपमध्ये जागा होती,
गेलो.
येरळेत पाणी नव्हतंच, वाळूत खड्डे करून
बाया वाटीनं घागरी भरत होत्या.
जीपचा धुरळा लांबूनच दिसला असणार.

भिंतीवर ओळीनं शेणी, पाच-पाच बोटांच्या, करड्या झालेल्या.
कडेला एक ओली, आत्ताच थापलेली.
तीन बोटं.
हात आखडला असेल, वयानं.
असेल.

मी कागद दिला. त्यांनी तो उलटा धरला,
माझ्या नजरेवरून ओळखून सरळ केला.
"नाव ऱ्हायलं न्हवं कचेरीत?"
राहिलंय, म्हणालो.
समास कुणी वाचत नाही, हे बोललो नाही.
ड्रायव्हर हॉर्न देत होता.
त्यांनी कागद कनवटीला खोचला
आणि पाटीतल्या शेणात परत हात घातला.