नाव तेवढं ठरलंय

पहिला तो वायान, दुसरी मादे,
तिसरं आलं की न्योमान.
मुलगा असो, मुलगी असो,
इकडे बालीत नावासाठी डोकं खाजवायला लागत नाही,
बोटं मोजली की झालं.
एवढीच एक गोष्ट नक्की.
बाकी सगळं सिस्टर रेत्नोंनी
गोळ्यांच्या चिठ्ठीमागे काढलेल्या चार चौकोनांत.

सिस्टर जावाच्या. पेन्सिलीला टोक काढून मगच बोलतात.
"तुझा नवरा जन्मापासून बहिरा,
म्हणजे त्याच्याकडचे दोन्ही दाणे तसलेच.
तुला ऐकू येतं, पण तुझा बाप बहिरा होता,
म्हणून एक दाणा तुझ्याही ओटीत,
गप्प बसलेला."
दोन चौकोन त्यांनी घासून काळे केले. दोन कोरे ठेवले.
"निम्मं निम्मं."

मी म्हटलं, वायानला ऐकू येतं, मादेला नाही,
म्हणजे निम्मं निम्मं देऊन झालं की!
त्या हसल्या. दाणे मागचं उधार लक्षात ठेवत नाहीत म्हणाल्या,
दर खेपेला मूठ नव्याने भरते.

घरी येऊन कागद सुमेर्तापुढे धरला,
हातांनी सगळं सांगितलं.
आमच्या गावात ऐकणारेही हातांनी बोलतात,
डुकराच्या भावावरून घासाघीस करतात, चहाड्या करतात,
वीज गेली तर मोबाइलचा उजेड हातांवर पाडून
भांडण पुरं करतात, अर्धं टाकत नाहीत.
त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.
मग काळ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं,
हेच का काळे?

मला उत्तर सुचेना.
त्याने पेन्सिल घेतली
आणि चारही चौकोनांत एकेक नाक काढलं.
स्वतःचं. फताडं, मधे बाक आलेलं,
जे वायानला आहे, मादेलाही आहे.
खाण तशी माती, दुसरं काय.
या नाकाचा आकडा सिस्टरनी सांगितलाच नव्हता.

सासूबाईंचा हिशेब आणखी निराळा.
बाळ झालं की बालियानकडे जायचं, तांदूळ ठेवायचे,
तो सांगणार घराण्यातलं कोण परत आलंय.
वायानमध्ये त्यांच्या सासूबाई आल्यात म्हणे,
तरीच भाताला एवढी मिरची लागते.
मादेमध्ये कोण, ते बालियानने दोनदा वेगवेगळं सांगितलं.
सासूबाईंनी दोघांनाही नैवेद्य दाखवला.

मादे आठ दिवसांची होती तेव्हा
तिच्या पाठीमागे मी पातेल्याचं झाकण टाकलं होतं.
मग पुन्हा एकदा, जरा उंचावरून.
ती झोपून राहिली.
मी रडले. कशाला, ते आजही नीट सांगता येत नाही.
सुमेर्ता त्या संध्याकाळी गावभर
स्वतःच्या छातीवर आणि मग हवेतल्या बाळावर बोट ठेवत हिंडला,
माझ्यासारखी, माझ्यासारखी.
हे त्याला मी कधी सांगितलं नाही. झाकणाचं.

माझा आवाज त्याला माहीत नाही.
वायान म्हणतो घोगरा आहे.
सुमेर्ता रात्री माझ्या गळ्यावर तळवा ठेवतो
आणि ओळखतो, गातेय की कुरकुरतेय.
बहुतेक वेळा बरोबर ओळखतो.

आता पोटात पाय झाडणं सुरू झालंय.
वायान कान लावतो, मादे हात लावते,
आणि दोघंही बातम्या आणतात:
हा म्हणतो आत पाणी उकळतंय,
ती बोटांनी दाखवते, बेडूक.
मग कोणाचं खरं यावर माझ्या पोटावरच मारामारी.

मी कोणता चौकोन मागावा?
पहाटे एक मागते, दुपारी दुसरा,
आणि देवळात गेले की फूल नुसतं ठेवून येते.

कागद चुलीमागे खोचलेला आहे.
नाकं धुरकटत चाललीत.
उलटून बघितलं तर सिस्टरच्या अक्षरात:
लोहाची गोळी, रोज एक, जेवणानंतर.
आजची राहिलीय.