चार घड्यांची नोट

उद्यमनगरात पट्टे थांबतात सोमवारी,
रविवारी नाही.
म्हणून मिस्त्री दर रविवारी दोन तासांचा खाडा
हजेरीच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहायचा:
शांतवन चोपडे, नऊ ते अकरा, प्रार्थना.

बाकी त्याच्या देवाविषयी आम्हाला काही ठाऊक नव्हतं.
लेथवर फोटो नाही. गळ्यात क्रूस असलाच
तर बनियनच्या आत, तेलकट.
खंडेनवमीला आम्ही मशीनींना झेंडू बांधायचो,
तर आदल्या रात्री थांबून
सगळ्यांच्या मशीनी तो रॉकेलनं पुसून ठेवायचा,
आणि पूजेच्या वेळी बाहेर उभा राहून
टेम्पोतला माल उतरवून घ्यायचा.
केसभर जास्त कापला गेलेला बुश
लाल खडूनं खुणावून स्वतःच्या नावावर टाकायचा.
मालक म्हणायचे, "चालतंय की, कोण बघतंय?"
तो मायक्रोमीटर पुसायचा.

हे सगळं मी नंतर बघितलं, आठवून.
तेव्हा बघितली ती थप्पड.

शनिवारी संध्याकाळी
पितळेच्या किसाचा डबा हलका लागला.
मी सगळ्यांत नवा, सगळ्यांत धाकटा,
बावड्याहून चालत येणारा.
एवढ्याच पुराव्यावर त्याचा हात उठला.
रात्रभर कानात लेथ फिरत होता.

रविवारी साडेनऊला दारात सायकल.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले.
तिकडं प्रार्थना अजून चालू असणार.
त्यानं मेन स्विच खाली ओढला.
पट्टे फटफटत थांबले.
चौदा माणसं, आणि एकदम ऐकू येणारा रस्ता.

"काल समद्यांम्होरं मारलं," तो म्हणाला,
"म्हणून समद्यांम्होरं सांगतो.
म्या बघितलं न्हवतं. बघितल्याबिगर मारलं.
सर्जा, चुकलं माझं."

त्याच्या मुठीत दहाची नोट होती, चार घड्यांची.
मला वाटलं, मलाच देतोय.
मी हात पुढं केलासुद्धा.
"ही तुझी न्हाई रं," तो ओशाळून हसला.
"ही तिथं टाकायची हुती. टाकवंना.
आधी हिकडं जा म्हणलं."
कोण म्हणलं, ते मी विचारलं नाही.

आता खरं सांगतो.
कीस मीच नेला होता.
जेवणाच्या डब्यात, भाकरीच्या फडक्याखाली,
तीन दिवस, थोडा थोडा.
तो माफी मागत होता
आणि मी मान हलवत होतो
मोठ्या मनाच्या माणसासारखा.

सोमवारी सुट्टी.
कॉटखाली पितळ, कॉटवर मी.
पंचगंगेत टाकून यावं म्हणून निघालो,
वाटेत भंगारवाल्याला भाव विचारला,
बरा होता.
तसाच परत आलो.

मंगळवारी सगळ्यांच्या आधी गेलो.
तो आत होताच, किटलीनं तेल घालत.
माझ्या खांद्याला पिशवी.
पितळ जड असतं, खांदा एका बाजूला कलतो,
झाकता येत नाही.
त्यानं एकदा बघितलं,
पाठ फिरवली
आणि तेल घालत राहिला,
मला जितका वेळ लागला तितका वेळ.
किटली कधीच संपली होती,
तरी.

आता शिरोलीत माझे दोन लेथ आहेत.
हाताखाली एक तिरसट पोरगं आहे.
परवा त्याच्यावर उठलेला हात
अर्ध्यात थांबला.
नेहमी थांबतोच असं नाही.

बायको विचारते, तो मिस्त्री तुम्हाला
त्यांच्या देवाचं काय सांगायचा?

काही नाही.
त्या रविवारी अकराला तो परत आला,
मूठ मोकळी होती.
खुंटीवर शर्ट टांगला
आणि आधी माझ्या लेथचा पट्टा चढवला,
मग स्वतःच्या.