अंगठा हे एकक नाही

सहा पानं. दोन रकाने. अक्षर दहाचं.
सातवं पान उघडलं तर शोधनिबंध परत.
वरचा समास पाऊण इंच, खालचा एक,
आणि रकान्यांमधल्या फटीतून
सोहारचा समुद्र आत येऊ द्यायचा नाही.

शुक्रवार. कँटीनला कुलूप,
फ्रीजमध्ये लबान आणि कालचा खुबूस.
मुदत आज मध्यरात्रीची,
पण कुठल्या गावाच्या मध्यरात्रीची
ते नियमावलीत बारीक टाइपात.
बोटं मोजून पाहिली: आमच्याकडे उद्या दुपारचे चार.

विषय: खारं पाणी तापवणारी नळी,
वेल्डच्या कडेला पडलेले खड्डे.
लेखकांत पहिलं नाव साहेबांचं.
मसुदा त्यांनी वाचलेला नाही,
स्वल्पविराम मात्र एक सुचवलाय.
दुसरे मस्कतचे डॉक्टर बलुशी,
ज्यांनी खरोखर रात्ररात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
तिसरी मी, डोक्यावर तारा,
म्हणजे शंका असल्यास हिला विचारा.

नळी गळतेय हे आधी सांगितलं सत्तार हमदुलेनं.
मापक हिरवाच होता. अलार्म झोपलेला.
सत्तार वेल्डखाली वाकला,
तिथं मिठाची पांढरी मिसरूड फुटलेली.
'म्याडम, हिला घाम सुटलाय.'
बाणकोटच्या खाडीत
होड्यांचे सांधे चाचपत वाढलेला माणूस,
पाणी कुठून शिरतं हे त्याला कोण शिकवणार?

निबंधात त्याचं झालं:
'पृष्ठभागावर क्षारांचा थर आढळून आला.'
आढळून आला.
आपल्या पायांनी, गेटवर पास दाखवून.
कर्मणी प्रयोगाचं हे एक बरं असतं,
कुणीच काही केलेलं नसतं.

आकृती चार. भोकाशेजारी सत्तारचा अंगठा,
मापासाठी ठेवलेला,
नख फ्लँजखाली सापडून काळंनिळं.
परीक्षक क्रमांक दोन लिहितात:
अंगठा हे प्रमाणित एकक नाही.
बरोबर आहे.
मी फोटो कापला, पाच मिलिमीटरची पांढरी रेघ ओढली.
भोक लगेच लहान दिसायला लागलं.

आभाराची एकच ओळ होती, शेवटची.
तीच सातव्या पानावर लोंबत राहिली.
मी दोन 'त्याचप्रमाणे' काढले,
तक्ता आवळला, आलेखाची मान बसवली.
संदर्भ अकरा आणि बारा साहेबांचे स्वतःचे,
त्यांना हात लावायचा नाही.
ओळ काही वर येईना.
पहाटे पावणेतीनला एक कळ दाबली
आणि ती गेली.
कागद असता तर निदान फाटल्याचा आवाज झाला असता.

मग उजाडेपर्यंत नमुन्यांची नावं बदलत बसले.
ए-सात होता त्याचा केला एस.एच.-सात.
तक्त्यात, आलेखावर, निष्कर्षात,
मोजून चौदा ठिकाणी.
कुणी विचारलं नाही.
साहेब परिषदेत सांगून आले,
एस.एच. म्हणजे सेकंडरी हीटर.
टाळ्या पडल्या म्हणे.

छापलेलं पान सत्तारला मोबाइलवर दाखवलं,
सकाळच्या पाळीला, गेटाशी.
एस.एच.चं सांगणार होते. सांगितलं नाही.
त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं.
'भोक तेच. अंगठा कुठं गेला माझा?'
मापात बसला नाही, म्हटलं.
तो हसला, आणि तोच अंगठा
हजेरीच्या यंत्रावर टेकवला.
आम्लानं रेषा कधीच्या पुसल्यायत त्याच्या.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
त्यानं तो पँटीला घासला, फुंकर मारली, परत ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग खोळंबलेली.
रांगेत पहिली मी.