निवळी

गोंदारच्या त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट,
आणि काठाला टवका उडालेली परीक्षानळी.
"फुंक," वोंडिमू सर म्हणाले.
यत्नेबर्शने चुन्याच्या निवळीत श्वास सोडला,
निवळी दुधाळली.
"हा तुझ्या आतला कर्बवायू. सकाळी काय खाल्लंस?"
"इंजेरा."
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं:
हिच्या शालीला रोजच आंबल्या पिठाचा वास.

दुसऱ्या दिवशी तिने पीठच आणलं बाटलीभर,
तीन रात्री मुरलेलं टेफ, वर पिवळसर पाणी.
बुचातून रबरी नळी, तिचं टोक निवळीत.
बराच वेळ काहीच नाही.
सर हजेरीचे आकडे जुळवत बसले.
मग एक बुडबुडा.
मग, जरा दम खाऊन, दुसरा.

दुधाळली. अगदी तश्शीच.

संध्याकाळी मातीच्या तव्यावर ती पीठ गोल ओतते,
जाळी पडते, डोळे उघडतात भराभर.
"झाकण ठेव गं!" आई ओरडते.
तिचा हात अडखळतो:
ज्यांचे हे उच्छ्वास, ते भाजले आत्ता.

त्यांची भावंडं मात्र
कोपऱ्यातल्या मडक्यात, पिवळ्या पाण्यात,
उद्याच्या पिठाची वाट बघत
मुकाट
श्वास सोडताहेत.