दुसरी मोजदाद

लुनेनबर्ग, नोव्हेंबर, सकाळचे दहा.
किल्ली शेजारच्या कॉर्कमबाईंकडे होती.

किंमत धरायची ती मृत्यूच्या दिवसाची.
एल्मीरा झ्विकर गेल्या त्या मंगळवारची,
जेव्हा बंदरात धुकं होतं
आणि जुन्या लाकडाला गिऱ्हाईक नव्हतं.

स्वयंपाकघर : बिडाचा तवा, कान तुटलेले सहा कप,
कोबी किसायची पाटी, पातं झिजून चंद्रकोर झालेलं.
एकत्र धरून तीस डॉलर.
मुलगी, मार्ला, दारात उभी.
"ती पाटी आजीची," म्हणाली.
मी मान हलवली. आजी हा रकाना फॉर्मात नाही.
"जास्त लावलीत तर कर जास्त ना?"
"हो."
"आणि कमी लावलीत तर भाऊ म्हणणार, मी लाटलं."
"हो."
ती कॉफी करायला गेली.
किटली मी अजून मोजली नव्हती.

बैठकीत जहाजाचं मोठं तैलचित्र,
सगळ्या घराची भिस्त त्याच्यावर.
भिंगाखाली ठिपके दिसले. छपाई.
वरून वार्निशचा ब्रश फिरवून कुणीतरी रंगाचा आव आणलेला.
चौकटीचे चाळीस.
हे सांगताना मी चौकटीकडेच बघत होतो.

वरच्या मजल्यावर, कपाटाच्या तळखणाखाली,
एक पिवळी पडलेली चिठ्ठी : ७०.
सातच्या पोटातून आडवी रेघ काढणारा
या किनाऱ्यावर मी एकटाच.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, ऑर्लो, गेला.
समुद्रात नाही, अंथरुणात.
तेव्हाही मीच आलो असणार.
घर आठवलं नाही. मला घरं आठवत नाहीत.
आकडे आठवतात, तेही कर भरून होईपर्यंत.

तिनं एकही चिठ्ठी काढली नव्हती.
एकोणीस वर्षं ती माझ्या पंचाहत्तर डॉलरच्या पलंगावर झोपली,
माझ्या बारा डॉलरच्या आरशात बघून केस विंचरले,
आणि पेन्सिलीनं मला उत्तरं लिहिली.
घड्याळामागे माझे साठ, खाली तिचं : मागे पडतं. पन्नासच लावा.
शिवणाच्या पेटीत : बरोबर.
हे एवढं मी दोनदा वाचलं.
झुलत्या खुर्चीच्या बुडाशी माझे पंचवीस,
खाली : बसून बघितलं नाहीत.

जिन्याच्या वळणावर हातभर फळी.
ऑर्लोनं रंगवलेली, होडीचाच उरलेला निळा, होडीचाच पांढरा.
बेट, बेटावर दीपगृह,
समुद्र परातीत ओतून ठेवल्यासारखा.
मागे माझ्या अक्षरात : मूल्य नाही.
तिच्या अक्षरात : तुम्ही दुपारी आलात. रात्री या.

"रात्री काय व्हायचं इथं?"
मार्ला पायरीवर बसली. कप दोन्ही हातांत.
"बेटावरचा दिवा फिरायचा. या खिडकीतून उजेड आत यायचा,
भिंतीवरून जायचा, जाता जाता चित्रातलं दीपगृह पेटवायचा.
बाबा घड्याळ लावून बसायचे."
"आणि आता?"
"दिवा बदलला त्यांनी. नवा इतक्या लांब पोचत नाही.
आई म्हणायची, बरं झालं, झोप तरी लागते.
पण खुर्ची तिनं इथून हलवली नाही."

साडेचारला अंधारलं.
मी पाचपर्यंत उभा होतो. भिंत भिंतच राहिली.
लाकडातली कीड बघायचा टॉर्च खिशात होता.
तो काढला नाही.
मोजणाऱ्यानं विकत घ्यायचं नसतं, असाही एक नियम आहे.
लिहिलं : जिना, फळीवरचं चित्र, एक.
चित्रकार, ऑर्लो झ्विकर. हे मागच्या वेळी लिहिलं नव्हतं.
मूल्य : नाही.

मग बुटाची नाडी सुटली म्हणून
तिथंच त्या खुर्चीत बसलो.
नाडी बांधून झाल्यावरही जरा वेळ.
मग फॉर्म पुन्हा उघडला
आणि पंचवीसचे पस्तीस केले.