पुडी

रावपुऱ्यातल्या आमच्या सहकारी बँकेत
शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून
धैवत शिकवायला आला.
सव्वीस वर्षांचा. भिंतीवर त्यानं एक कुलूप पाडलं
आणि कुलपाखाली तीन शब्द:
गोपनीयता, अचूकता, उपलब्धता.
मी वहीत उतरवून घेतले, समास सोडून.

'कोणी पाहायचं, कोणी बदलायचं,
आणि ज्याचं आहे त्याला वेळेवर मिळायचं.
एवढंच, बेन. बाकी सगळे ह्याचेच फाटे.'

मला हसू आलं. तिजोरीला दोन किल्ल्या,
एक माझी, एक फणसेंची.
ते रजेवर तर तिजोरी बंद, मी आजारी तर तिजोरी बंद.
अठ्ठावीस वर्षं हेच तर करतोय,
त्याला इंग्रजीत नाव आहे एवढंच ठाऊक नव्हतं.

मग त्यानं कीबोर्ड उलटे करायला लावले.
पाच टेबलं, चार चिठ्ठ्या.
देसाईभाईंनी तर पासवर्डखाली लिहिलेलं,
'कोणाला सांगू नये.'
माझ्या कीबोर्डाखाली नुसती धूळ.
तेव्हा मला जे वाटलं
ते इथं नोंदवून ठेवते: गर्व.

संध्याकाळी सूरसागरच्या काठावर
दहा रुपयांची खारी शिंग घेतली.
शेवटचे चार दाणे उरले तेव्हा
पुडीच्या तळाशी एक अंगठा दिसला.

निळा. डाव्या हाताचा.
उलगडली. मीठ मांडीवर सांडलं.
कपिलाबेन भईजीभाई परमार, राहणार गोरवा,
खातं, मोबाइल,
कर्जाचं कारण: पतीचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा.
'माझ्यासमक्ष अंगठा केला',
आणि खाली माझी सही,
तेलानं इतकी पातळ झालेली
की तीतून पलीकडचा दिवा दिसत होता.

जानेवारीत रद्दी काढली होती. एकशे चाळीस किलो.
गेटपास मीच लिहिला.
भाव चांगला आला म्हणून
सगळ्यांनी सेवउसळ खाल्ली.

'अजून पानं आहेत का अशी?'
शिंगवाल्यानं गठ्ठा पुढं केला. 'केटलां जोइए, बेन?'
सगळी घेतली, घासाघीस न करता.
पण वाटून झालेल्या पुड्या?
कपिलाबेन काउंटरवर आवाज उतरवून बोलते,
रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.
मी काचेच्या भोकाला कान लावते.

सोमवारी धैवतला फोन केला.
समजा, म्हटलं, एखाद्या बँकेत असं असं झालं.
'नोंदवायचं,' तो म्हणाला, 'त्याच दिवशी.'
शनिवार तर उलटून गेलेला.

त्यानं दिलेले फॉर्म अजून कोरे करकरीत.
घटना क्रमांक एक.
काय गेलं, कधी, कोणाच्या लक्षात आलं,
भरभर भरलं.
'कोणामुळे'पाशी पेन अडलं.
इथं दुसरी किल्ली फणसेंकडे असती
तर म्हणता आलं असतं, आज उघडत नाही.

नाव लिहिलं. हुद्दा. सही.
बोटांना अजून मिठाचा वास होता.
मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आले.
झेरॉक्स काढली नाही.